अर्धे सूत मागे

तीर्थरूप तात्या,

मी, दत्तात्रय केशव आंबेकर, बी.कॉम., वय वर्षे चौपन्न, राहणार बारामती, व्यवसायाने छायाचित्रकार आणि नात्याने तुमचा एकुलता एक मुलगा, तुम्हांला एक गोष्ट रीतसर कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तुमचा मोठा कॅमेरा मी निवृत्त केला. त्याच्या जागी दुसरा आणला. त्या दुसऱ्या कॅमेऱ्याने शेळगावच्या बिरूआबांच्या भावकीचा, एकशे त्रेचाळीस माणसांचा एकच फोटो काढला, आणि त्यातला प्रत्येक चेहरा ओळखता येतो. प्रत्येक, तात्या!

तुम्हांला जाऊन नऊ वर्षे झाली. इतक्या वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आजच का, असे तुम्ही विचाराल. काल तो फोटो शेळगावी पोहोचवून आलो. आज सकाळी स्टुडिओचे दार उघडले आणि पहिली इच्छा झाली ती तुम्हांला सांगण्याची. शिवाय तुमच्याविरुद्ध माझी एक तक्रार आहे. ती तिच्या जागी येईल.

तुमचा कॅमेरा वाईट होता असे मी कधीही म्हणणार नाही. सागवानी चौकट, पितळी पट्ट्या, चामड्याचा भाता, मागे घासून दुधी केलेली काच आणि त्या काचेवर उलटे उमटणारे जग! लहानपणी माझी समजूत अशी होती की काळ्या कापडाखाली शिरून तुम्ही माणसांना पायांनी टांगता, आणि म्हणूनच ती इतकी गंभीर चेहरा करून उभी असतात.

पण गेली पाच-सहा वर्षे त्याचे हाल बघवत नव्हते. भात्याला अकरा ठिगळे होती. शेवटची चार बाजाची पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून लावून घेतली, कारण चामड्याचा भाता हाताळणारा बारामतीत तो एकच उरला आहे. ठिगळ लावताना तो मला म्हणाला, "साहेब, ह्याच्यातून आता सूर निघतील, फोटो निघायचे न्हाईत." मागची चौकट इतकी सैल झाली होती की भिंगाचे झाकण काढले तरी ती थरथरे. त्यात त्या मापाची फिल्म बाजारातून नाहीशी झाली. मी मोठ्या मापाची फिल्म अंधाऱ्या खोलीत बसून कापत असे, आणि एकदा तिच्याबरोबर अंगठाही कापला. सांगा, हे किती दिवस चालणार होते?

तरीही मी ढकलत राहिलो. दिवाळीनंतर विलासराव स्टुडिओत आले तेव्हा ढकलणे संपले. विलासराव म्हणजे बिरूआबांचे पुतणे, एसटीत वाहतूक नियंत्रक आहेत. खुर्चीवर बसायच्या आतच बोलायला लागले.

"मास्तर, आबांना यंदा ऐंशी पुरी हुत्यात. समद्या भावकीचा मिळून एकच फोटो काढायचाय. कुणी मिलिट्रीत हाय, कुणी मुंबईला, कुणी सोलापूरला. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी समदी गोळा हुणार."

"माणसे किती?"

"दीडशेच्या आतबाहेर. पर एक अट हाय. परत्येकाचं तोंड वळकू आलं पायजे. मागं लग्नात एका रंगीत फोटोवाल्यानं काढला, तर आमची आक्का कुठली आन् चुलती कुठली, कळंना. नुस्ते मोहरीचे दाणे!"

मी विचारले, रविवार पुढेमागे करता येईल का? ते हसले नाहीत. "मास्तर, एकेकाची रजा मिळवता मिळवता नाकी नऊ आले. आन् आबांचं वय बघा. ही माणसं पुन्यांदा अशी एका जागी उभी ऱ्हातील, ह्याची ग्यारंटी कोण देनार?"

मी होकार दिला. ते गेल्यावर कॅमेऱ्याकडे पाहिले आणि मला कळले की आपण हा होकार कोणत्या हिमतीवर दिला, हे आपल्यालाच ठाऊक नाही.

माझी पद्धत तुम्हांला माहीत आहे. नवा कॅमेरा काय काय करू शकला पाहिजे, ते मी आधी कागदावर लिहिले. घडी होऊन स्कूटरवर पायांपाशी बसला पाहिजे. पुढची आणि मागची, दोन्ही चौकटी हव्या तशा कलल्या पाहिजेत, म्हणजे पहिली रांग आणि शेवटची रांग एकाच वेळी स्पष्ट येते. पाच बाय चार इंचांची फिल्म चालली पाहिजे, कारण मोठ्या मापांपैकी तेवढीच अजून सहज मिळते. आणि सर्वांत महत्त्वाचे, तुमचे भिंग त्याला बसले पाहिजे. नवे भिंग परवडण्यातले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मला ते नकोही होते.

लोकांनी सल्ले दिले. सगळ्यांचा एकच सल्ला: "रंगीत लॅब टाका, हे खोके आता कोण वापरतं?" मी पुण्याला जाऊन लोखंडी रुळावर सरकणारा एक विलायती कॅमेरा पाहिला. काय सुंदर यंत्र होते! पण तो उचलायला दोन माणसे आणि विकत घ्यायला तिसरा कोणी सावकार लागला असता. एक वृत्तपत्रवाला त्याचा जुना कॅमेरा जवळजवळ फुकट देत होता. त्याची मागची चौकट एक रेसभरही कलत नव्हती. स्वस्त होता, पण आपल्या कामाचा नव्हता.

शेवटी गिरगावातल्या एका वृद्ध छायाचित्रकारांचे पत्र आले. आयुष्यभर इमारतींचे फोटो काढून ते आता व्यवसाय आवरत होते. भिंग त्यांनी मुलासाठी ठेवले होते, नुसता कॅमेरा द्यायचा होता. लाकडी, घडीचा, पाच बाय चार! भिंगाशिवाय कॅमेरा कोणी घेईना, म्हणून तो पडून होता. आणि मला नेमका भिंगाशिवायच हवा होता!

मी तीन तास तपासणी केली. भात्याच्या आत दिवा सोडून, खोली अंधारी करून, कुठून उजेड झिरपतो का ते पाहिले. दोन्ही चौकटींना सुताराचा गुण्या लावून त्या समांतर उभ्या राहतात का ते पाहिले. प्रत्येक खिटी पन्नास वेळा फिरवली. शेवटी ते गृहस्थ म्हणाले, "अहो आंबेकर, तुम्ही कॅमेरा घ्यायला आलात की मुलगी बघायला?"

मी म्हणालो, "मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा इतका वेळ लावला नव्हता."

हे सुमनला सांगितलेले नाही. तुम्हीही सांगू नका.

कॅमेरा घरी आला. सुताराकडून तुमच्या भिंगासाठी नवी फळी करून घेतली. ते पितळी भिंग त्या फळीत असे बसले, जणू ते तिथेच जन्मले होते. मी जिन्याच्या पायऱ्यांवर घरच्या सगळ्यांना उभे केले, वीस फुटांवर कॅमेरा लावला आणि पहिली चाचणी घेतली.

तुम्हांला ठाऊकच आहे, निगेटिव्हवरचे बारीक काम आजही सुमनच करते. भिंगातून निगेटिव्ह पाहण्यात तिचा हात धरणारे कोणी नाही. तिने ती पाहिली. मग म्हणाली, "अहो, चपला मात्र लखलखीत आल्यात."

"कोणत्या चपला?"

"पायरीखाली काढलेल्या. माझ्या उजव्या चपलेचा अंगठा उसवलाय, तोसुद्धा दिसतोय. माणसांचं काय झालं?"

माणसे पुसट होती. माणसांपुढे दोन फुटांवर पडलेल्या चपला स्पष्ट, आणि चेहऱ्यांवर साय धरल्यासारखी! मी वहीत लिहिले: दोष पहिला, चेहरे अस्पष्ट. दोष दुसरा, काचेवर पेन्सिल उठत नाही. तुम्ही प्रत्येक रांगेच्या डोक्यांसाठी काचेवर पेन्सिलीची रेघ ओढत असा, मीही ओढतो. या काचेवर पेन्सिल नुसती घसरत होती. दुसऱ्या दोषाकडे मी फारसे लक्ष दिले नाही. तिथेच चुकलो.

आठ दिवसांत मी बावीस फिल्म वाया घालवल्या. फळी बदलली. फिल्मचे खोके बदलले. भिंग उतरवून पुसले. चौकटींना पुन्हा पुन्हा गुण्या लावला. प्रत्येक वेळी काचेवर चित्र अगदी स्वच्छ दिसे, प्रत्येक वेळी मी भाता अर्धे सूत मागे ओढत असे, आणि प्रत्येक वेळी चेहरे पुसट.

हे अर्धे सूत कुठून आले ते तुमच्याशिवाय कोणाला माहीत असणार? पदवी घेऊन मी स्टुडिओत आलो, आणि पहिल्यांदा मला काळ्या कापडाखाली घेतलेत त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "दत्तू, या भिंगाला एक खोड आहे. काचेवर चित्र स्वच्छ दिसलं, की भाता अर्धं सूत मागं ओढायचा आणि मगच फिल्म घालायची. का, ते विचारायचं नाही." सुताराचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्धे म्हणजे सोळावा. तीस वर्षे मी ते केले. माझ्या बोटांना ते इतके पाठ झाले होते की मी ते करतो आहे, हेही मला जाणवत नसे. भिंग तेच होते, तेव्हा भिंगाची खोडही तीच असणार! सगळ्या जगावर संशय घेतला, तुमच्या शब्दावर घेतला नाही. काटेकोर माणसाची हीच फजिती असते, तात्या. जे वडिलांकडून आले ते तो मोजून पाहत नाही.

रविवार चार दिवसांवर आला. सुमन म्हणाली, "जा आणि खरं सांगून या. त्यांना दुसरा कोणी मिळेल तरी." ती म्हणाली ते बरोबर होते. मी सकाळची एसटी धरली आणि शेळगावला उतरलो. वाटेत काय बोलायचे त्याची तीन वाक्ये जुळवली होती.

बिरूआबा ओसरीवर बसले होते. ऐंशीतही कणा ताठ. एके काळी तीनशे मेंढरांच्या मागे चाललेले पाय. आता त्यांच्या शिवारात ऊस आहे आणि दारात ट्रॅक्टर.

"आबा, फोटो पुढे ढकलावा लागेल."

"का? कुणी मेलं का?"

"नाही. कॅमेरा बिघडला आहे."

"पुन्यांदा काच फुटली व्हय?"

तिसरे वाक्य सोडून मी विचारले, "कुठली काच?"

"कुठली म्हंजी? आमच्या एडक्यानं फोडलेली! तुला ठावं न्हाय?" आणि म्हातारा असा हसायला लागला की आतून सुना बाहेर आल्या.

मग त्यांनी सांगितले ते असे. मी पुण्याला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा तुम्ही आबांचा मेंढरांसह फोटो काढायला शेळगावला गेला होतात. तुम्ही काळ्या कापडाखाली शिरलात. "एडक्याला त्ये कापड काय आवडलं न्हाय," आबा म्हणाले. "दोन पावलं मागं सरला, मान खाली घातली आन् घेतली की धडक! तिपाई एकीकडं, मास्तर दुसरीकडं. भिंग वाचलं, पर मागल्या काचेचा पार चुरा झाला. तुजा बाप रडायचाच राहिला हुता. दुसऱ्या दिशी इंदापुरात कुणाचं तरी लगीन हुतं, तितं फोटो काढायचा हुता."

"मग?"

"मग काय? तवा हे घर नवं हुतं. मी ह्या खिडकीची काच काढून दिली. फ्रेमा करायचा म्हणून काच कापायचं हत्यार हुतंच तेच्यापाशी. बारीक वाळू घेतली, पाणी घेतलं, आन् ह्या इतं, ह्याच फरशीवर, दुपारपातूर घासत बसला. मी पाणी घालत हुतो. बोटं फुटली पर उठला न्हाय." आणि त्यांनी काठीने माझ्या डोक्यावर दाखवले. "ती खिडकी बग की! आजून पत्र्यानंच झाकलीया."

मी वर पाहिले. चार खणांपैकी एका खणात खरोखर गंजलेला पत्रा होता.

मी विचारले, "आबा, खरबरीत बाजू आत बसवली की बाहेर?"

"भायेर. मी तवाच म्हनलं, मास्तर, आदीची तर आत हुती. तर म्हनला, भायेर असली की पेन्सिलीच्या रेघा वढता येत्यात. रांगा सरळ लावता येत्यात."

तात्या, तिथे सगळा हिशेब जुळला.

काचेची घासलेली बाजू आत, भिंगाकडे असावी लागते, कारण पुढे फिल्म नेमकी त्याच जागी येते. ती बाहेर ठेवली की आपण चित्र काचेच्या जाडीइतके चुकीच्या जागी पाहतो. डोळ्यांना स्वच्छ दिसते, फिल्मवर पुसट उमटते. ही चूक इंदापूरच्या त्या लग्नाच्या फोटोतच तुमच्या लक्षात आली असणार. ती तुम्ही बोटांनी मोजून काढलीत: अर्धे सूत. आणि भिंगाच्या माथी मारलीत! बिचारे निर्दोष भिंग, तीस वर्षे आरोपी म्हणून उभे! गिरगावच्या कॅमेऱ्याची काच योग्य बसवलेली होती, म्हणूनच तिच्यावर पेन्सिल उठत नव्हती. त्या कॅमेऱ्यात काहीही बिघाड नव्हता. मी दर वेळी स्वतःच्या हाताने तो अर्धे सूत बिघडवत होतो.

"आबा, त्यांनी मला का सांगितले नाही?"

आबांनी पानाची पिशवी उघडली, चुना लावला, आणि सावकाश म्हणाले, "मी इचारलं हुतं. म्हनला, दत्तू लई काटेकोर हाय. त्येला कळलं तर नवी काच आनल्याबिगर ऱ्हायाचा न्हाय. आन् ह्या काचेला मी बोटं फोडून घेतलीत आबा, ही आता जायाची न्हाय."

ही माझी तक्रार. तुम्ही मला ओळखले, ते बरोबरच ओळखले. मी खरोखर दुसऱ्याच दिवशी मुंबईला पत्र टाकले असते. पण कधी तरी, एखाद्या संध्याकाळी दुकान बंद करताना, "दत्तू, ऐक, एक गंमत सांगतो," असे म्हणता आले नसते का? मी हसलो असतो, तात्या. मला हसता येते. तुम्ही ते कधी आजमावून पाहिले नाही, आणि मीही तुम्हांला कधी दाखवले नाही.

असो. तक्रार नोंदवली. आता पुढचे ऐका, कारण पुढचे सगळे विजयाचे आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पायऱ्या, पुन्हा घरची मंडळी. काचेवर चित्र स्वच्छ दिसले. माझा हात सवयीने भात्याकडे गेला आणि मी तो चक्क दुसऱ्या हाताने धरला. निगेटिव्ह धुतली, वाळवली, सुमनच्या पुढे ठेवली आणि पाठ करून उभा राहिलो.

मग ती ओरडली, "अहो! चपला पुसट झाल्या!"

पुसट चपलांचा इतका आनंद जगात कोणाला झाला नसेल. कॉमर्सच्या पदवीधराला न शोभणारी एक उडी मी मारली. सुमन म्हणाली, "सावकाश, गुडघे तुमचेच आहेत."

रविवारी शाळेच्या इमारतीची लांब सावली होती, सकाळचे साडेआठ. विलासरावांनी ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून उभ्या केल्या होत्या. त्यांवर मागच्या दोन रांगा, पुढे बाके, पुढे खुर्च्या, सर्वांत पुढे सतरंजीवर मुले. पाच रांगा. मानाच्या खुर्चीवरून थोडी कुरबुर झाली. ती आबांनी एका वाक्यात मिटवली: "ज्याला मोठेपना पायजे त्यानं मागं उभं ऱ्हावं, तितं उंची जास्त हाय." एका नातवाने माझ्याजवळ येऊन कानात सांगितले, "मास्तर, आबांनी सांगितलंय, एडका बांधून ठिवलाय, बिनघोर कापडात शिरा."

तुमचे भिंग लांब पल्ल्याचे आणि फिल्म लहान, म्हणून मला पंचाहत्तर फूट मागे उभे राहावे लागले. एवढ्या अंतरावरून माझा आवाज पोहोचेना. मग देवळातला कर्णा मागवला. अख्ख्या शेळगावाने ऐकले असेल: "उजवीकडच्या ताई, पदर थोडा मागे. तुमच्या मागे तुमच्या जाऊबाई आहेत." ट्रॉलीवरून उत्तर आले, "ऱ्हाऊ द्या की मास्तर, पदरामागंच बऱ्या हायती त्या!" सगळी भावकी हसली. हसणे थांबेपर्यंत मी दोन्ही चौकटी कलवून सतरंजीवरच्या मुलांचे डोळे आणि ट्रॉलीवरच्या जवानाची मिशी, दोन्ही एकाच वेळी काचेवर स्वच्छ आणली. अर्ध्या सुताला हात लावला नाही.

मग म्हणालो, "श्वास रोखा." झाकण काढले. एक सेकंद. एकशे त्रेचाळीस माणसे एक सेकंद अशी स्तब्ध राहिली की मला ट्रॉलीवरच्या कोणाच्या तरी घड्याळाची टिकटिक ऐकू आल्याचा भास झाला. झाकण लावले. असे चार वेळा. तिसरी फिल्म निर्दोष आहे. निर्दोष हा शब्द मी सहज वापरत नाही, हे तुम्ही जाणता.

काल त्या फिल्मची मोठी प्रत, चोवीस इंच रुंद, काचेच्या फ्रेममध्ये बसवलेली, आबांच्या ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवली. चेहरा नखाएवढा, पण प्रत्येक चेहरा आपापला! आबांची धाकटी बहीण, जिला सगळे आक्का म्हणतात, फोटोपुढे मांडी घालून बसली. तिने सर्वांत मागच्या रांगेपासून बोट ठेवायला सुरुवात केली. "हा संपत. ही त्याची बायकू. हे तिचं शेंबडं. हा मिलिट्रीवाला, कसा ताठलाय बघ! ही सोलापूरची..." मागे उभी असलेली मंडळी मोजत होती. एकही नाव अडले नाही. चौथ्या रांगेत तर तिने एका सुनेला नुसत्या नाकावरून ओळखले.

खुर्च्यांच्या रांगेतली एक जागा तिने मघाशी वगळली होती. सगळ्या रांगा संपल्यावर तिचे बोट तिथे परत आले आणि थांबले.

"ही म्हातारी कोण रं?"

मग विलासराव हळूच म्हणाले, "आक्का, तुमीच की!"

ती पुढे वाकली. इतकी की नाक काचेला टेकले. "मी?" बराच वेळ बघत राहिली. मग वळून सगळ्यांकडे पाहून, अगदी ठसक्यात म्हणाली, "चांगली दिसतीया की मी!"

मला दुसरे काही नको होते, तात्या. त्या एका वाक्यासाठी मी आणखी बावीस फिल्म वाया घालवीन.

तुमचा कॅमेरा स्टुडिओच्या दर्शनी कपाटात ठेवला आहे. त्याची काच मी उलटून बसवू शकलो असतो. दोन मिनिटांचे काम होते. बसवली नाही. तुमची पेन्सिलीची रेघ अजून तिच्यावर आहे.

शेळगावचा फोटो पाहून काटेवाडीच्या एका दूध संस्थेने सर्व सभासदांचा फोटो मागितला आहे. पुढच्या रविवारी जायचे आहे. या वेळी काळ्या कापडाखाली मी नसेन, सुमन असेल. ती सत्तावीस वर्षे निगेटिव्ह पाहते आहे आणि तिला त्या कापडाखाली ना तुम्ही कधी बोलावलेत, ना मी. माझ्यापेक्षा तिचा डोळा अधिक काटेकोर आहे, हे आता लेखी मान्य करतो. मी कर्णा धरून उभा राहीन.

आणि तुम्हांला वचन देतो: आज सकाळी मी तिला जे सांगितले, ते पाळीन. मी म्हणालो, "या कॅमेऱ्याला अद्याप एकही खोड नाही. लागली, माझ्या हातून लागली, तरी त्याच दिवशी तुला सांगेन. आणि का, ते तू खुशाल विचारायचे."

तुमचा काटेकोर, परंतु हसणारा मुलगा,

दत्तात्रय केशव आंबेकर
बारामती
दि. १८ फेब्रुवारी १९९६